चूल, धुराडं आणि अनुमान

डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं अनुमान. त्याचा दृष्टान्त स्वयंपाकघराचा. पण उलटं म्हणता येत नाही, असं नैयायिक बजावतात. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. आज हाच विचार आपण चुलीला लावून पाहू.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याला पऱ्हाटी नि तुराट्या जळतातच. एखाद्या जुन्या दगडविटांच्या घरात भिंतीतून वर गेलेलं धुराडं असतं. लोखंडी चूल आणली, तिची नळी त्यात खुपसली, की काम झालं असं आपल्याला वाटतं. मग घरात धूर कोंडतो आणि बोल लागतो चुलीला.

धूर वर का जातो? २५ अंशांची एक घनमीटर हवा साधारण १.१८ किलो भरते, १५० अंशांची साधारण ०.८३ किलो. बाहेरची जड हवा खालून शिरते आणि तापलेल्या हलक्या हवेला वर ढकलते. म्हणजे धुराड्यात ऊब टिकली तरच ओढ टिकते. आपल्या तांब्याच्या बंबात मधली नळी तापलेली राहते, म्हणून तो पेटल्यावर कसा घुमतो, ते आठवा.

आता हिशेब करू. चुलीची नळी १० सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे तिचं तोंड सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर. जुनं धुराडं ३० बाय ३० असेल तर ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे अकरापटीहून जास्त. तितकाच धूर तिथं अकरापट मंदावतो, थंड भिंतीला लागून गार होतो, आणि त्यातलं पाणी नि डांबरासारखा चीक भिंतीला धरतो. हा थर पुढे पेटूही शकतो.

म्हणून जोडणीची रीत अशी. आधी धुराडं झाडून घ्यावं, घरटी काढावीत. खाली ओलं गवत जाळून भिंतीतून कुठं धूर झिरपतो का ते पाहावं, भेगा बुजवाव्यात. मग चुलीच्या तोंडाइतक्याच व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी धुराड्यातून थेट वरच्या टोकापर्यंत न्यावी, आणि खाली नळी नि भिंत यांमधली फट न जळणाऱ्या सामानानं बंद करावी. वरच्या नळीचं टोक खालच्या नळीत बसवावं, म्हणजे चीक बाहेर ओघळत नाही. सागवानी तुळई किंवा कडीपाटापासून उघडी नळी निदान हातभर, म्हणजे ४५ सेंटीमीटर, लांब ठेवावी. छतावर ती किमान ९० सेंटीमीटर वर काढावी, आणि ३ मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही ६० सेंटीमीटर वर. एका धुराड्याला एकच चूल.

हे सारं नवं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल घडली. हैदराबादचे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. १९८३ पासून सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, तो २००२ मध्ये थांबला. बऱ्याच घरी नळ्या काजळीनं बुजल्या, झाडल्या नाहीत, आणि बायाबापड्या पुन्हा उघड्या चुलीपुढं बसल्या. तेव्हा महिन्याकाठी नळी झाडणं हाही जोडणीचाच भाग समजायचा.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हे अनुमान चुकीचं आहे. रात्री निखारे धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीपायी दारंखिडक्या लावून निजलो आणि नळी तुंबलेली असली, तर सकाळी उठणं होईलच असं नाही. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नये. आधी सगळ्यांना बाहेर काढावं, दार उघडं टाकावं. तर्क त्यानंतर करता येतो.