सिम्युलेटर उडवायचाय, तरी ‘फ्लाय’च दाबा

थर्मलमध्ये घिरट्या घालताना मान खाली घालून यंत्राची बटणं शोधत बसलात, तर शेजारचं ग्लायडर दिसत नाही. ती शोधाशोध घरी खुर्चीत उरकलेली बरी. त्यासाठी पीसीवर कॉन्डोर सिम्युलेटर आणि हातातल्या पीडीएवर किंवा फोनवर एक्ससीसोअर.

दोघं जोडता येतात, कारण कॉन्डोर जीपीएसचीच भाषा बोलतो: एनएमईए ०१८३. म्हणजे मजकुराच्या साध्या ओळी. आरएमसी ओळीत अक्षांश, रेखांश, वेग, जीजीएमध्ये उंची. ओळ उपग्रह पाहून बनली की गेममधून आली, ती वाचताना यंत्राला फरक पडत नाही!

कॉन्डोरमध्ये एनएमईए आउटपुट चालू करून कॉम पोर्ट निवडा. एक्ससीसोअरमध्ये कॉन्डोरचा ड्रायव्हर निवडा, बॉड रेट जुळवा.

माझी अख्खी संध्याकाळ गेली ती पुढे. एक्ससीसोअर सुरू होताना विचारतं, फ्लाय की सिम्युलेटर? मी अर्थातच सिम्युलेटर दाबलं. पण त्या मोडमध्ये ते बाहेरचा डेटा ऐकतच नाही. ‘फ्लाय’ हवं. आणि फोनचा स्वतःचा जीपीएस बंद ठेवा, नाहीतर विमान स्लोव्हेनियावर आणि नकाशा तुमच्या खोलीवर.