जिवाणूंकडे आहे, आपल्याकडे नाही

बाळांनो, वळवाची सर पडून गेली की मातीला वास सुटतो ना, त्यात मोठा वाटा असतो स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. बुरशीसारखे तंतू पसरून ते मातीत राहतात आणि शेजारच्या जिवाणूंना रोखणारी रसायनं तयार करतात. आपली कितीतरी प्रतिजैविकं त्यांच्याकडूनच आली.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी सेल्मन वॉक्समन यांच्या हाताखाली, तळघरातल्या प्रयोगशाळेत राबत होता. अशाच एका जिवाणूत त्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक! पण १९५२चं नोबेल मिळालं एकट्या वॉक्समनना. मला ते अजूनही खटकतं.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. जिवाणू म्हणजे एक पेशी, आणि आपणही पेशींचेच बनलेले. मग औषध त्यांना मारतं आणि आपल्याला सोडतं, ते कसं?

पेनिसिलिनचंच बघा. जिवाणूच्या आत पाण्याचा दाब मोठा असतो. सायकलच्या ट्यूबला टायर आवरून धरतो, तशी त्याच्या भोवतीची भिंत त्याला आवरून धरते. जिवाणू वाढू लागला की ही भिंत जागोजाग उकलते आणि पुन्हा सांधली जाते. पेनिसिलिन हे सांधणंच बंद पाडतं. उकलणं चालू, सांधणं बंद. शेवटी जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला त्याची झळ नाही. पण गंमत अशी, की मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूलाही भिंत नसते! त्याच्यामुळे न्यूमोनिया झाला तर पेनिसिलिन काहीच करू शकत नाही. तिथे अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन द्यावं लागतं. ही औषधं रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रावर बसतात. स्ट्रेप्टोमायसिनही तिथेच बसतं. रायबोसोम आपल्यातही आहेत, पण त्यांची घडण निराळी. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र माणसाने प्रयोगशाळेत घडवलेलं. ते डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या प्रथिनाला धरतं. आणि सर्दीचा विषाणू? त्याला ना भिंत, ना स्वतःचा रायबोसोम. मग प्रतिजैविक धरणार तरी काय?

जिवाणूही काही स्वस्थ बसत नाहीत. १९४८ साली ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल आले. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे रुग्ण सुधारले होते, पण पुढे अनेकांच्या छातीत त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले. क्षयाच्या फुप्फुसात जिवाणू कोट्यवधी असतात. एका औषधाला दाद न देणारे थोडे त्यांत आधीपासूनच असतात. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं! पण दोन-तीन औषधांना एकदम पुरून उरणारा जिवाणू सापडणं फार दुर्मीळ. म्हणून आपल्याकडे साध्या क्षयावर पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात आणि पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि रोगी घाबरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो औषधाचाच रंग.