समाधानाची किंमत कोण देते?

आयुष्यातील मोठा निर्णय घेताना आर्थिक लाभ पाहावा की मनाचे समाधान, हा प्रश्न नाशिकच्या घराघरांत आजही चर्चिला जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कायम नोकरी सोडून स्वतःचे काही उभारावे का, किंवा पुण्या-मुंबईच्या जादा पगारासाठी गाव सोडावे का, अशा रूपांत तो समोर येतो. त्यावर उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. मात्र हाच प्रश्न एका माणसापुढे वारंवार उभा राहिला आणि त्याच्या उत्तरांचा जमाखर्चही बराचसा नोंदला गेला, असे उदाहरण विरळा. नाशिककरांना ते दूर शोधावे लागत नाही. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, हे ते उदाहरण होय.

फाळके यांना १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली, आणि १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली. त्यानंतर लोणावळ्यात काढलेला छापखाना चांगला चालला, पण भागीदारांशी मतभेद होताच तोही त्यांनी सोडला. अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ अशी एक संज्ञा आहे. एक पर्याय निवडला असता दुसऱ्या पर्यायातून जे मिळाले असते आणि आता मिळणार नाही, ते त्या निवडीचे खरे मोल, असा तिचा अर्थ आहे. चाळिशी गाठलेल्या, पदरी मुलेबाळे असलेल्या माणसाचा हा खर्च विशीतील तरुणाच्या कितीतरी पट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये चित्रपटविद्या शिकण्यासाठी लंडनला जाण्याच्या फाळके यांच्या निर्णयाचे वजन कळते.

हा खर्च एकट्या फाळके यांनी सोसला नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने तर दिलेच. शिवाय ‘राजा हरिश्चंद्र’ या फाळके यांच्या चित्रपटाच्या निर्मितीच्या काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळून त्या फिल्मचे तांत्रिक कामही करीत असत. त्या काळी कच्च्या फिल्मच्या पट्टीला कडेची छिद्रे नसत, आणि कॅमेऱ्यातील दातेरी चाक या छिद्रांत दाते अडकवूनच पट्टी पुढे सरकवीत असल्यामुळे ती घरी पाडून घ्यावी लागत. फिल्मला उजेड लागता कामा नये म्हणून हे काम अंधारात, हाताच्या अंदाजाने करावे लागे. दिवसभराच्या स्वयंपाकानंतर सरस्वतीबाई ते करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात हा चित्रपट सर्वांसाठी प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड व काम नाशिकला हलवले.

पैसा आणि समाधान यांची समोरासमोर गाठ पडली ती १९१४ मध्ये. फाळके यांचे चित्रपट लंडनमध्ये दाखवले गेल्यावर तेथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना इंग्लंडमध्ये राहून भारतीय चित्रपट काढण्याचा प्रस्ताव दिला. निर्मितीचा सगळा खर्च स्टुडिओचा, दरमहा ३०० पौंड वेतन आणि नफ्यात २० टक्के वाटा. फाळके यांनी नकार दिला, कारण त्यांना हा धंदा स्वदेशात उभा करायचा होता. ते परतले तोवर महायुद्ध पेटले होते, भांडवल देऊ म्हणणारे मागे सरले होते, आणि सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा गहाण पडले.

यावरून पैशाची त्यांना पर्वा नव्हती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १९१७ च्या ‘लंकादहन’ने इतकी कमाई केली की जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली असे सांगतात, आणि ती कमाई फाळके यांना नकोशी झाली नव्हती. पैशाने समाधान मुळीच वाढत नाही, हे आधुनिक संशोधनालाही मान्य नाही: डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये ठरावीक उत्पन्नानंतर रोजचे सुख वाढत नसल्याचे मांडले होते, परंतु २०२३ मध्ये कानमन यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ व बार्बरा मेलर्स यांच्यासह केलेल्या फेरतपासणीत बहुतेकांचे सुख त्यापुढेही वाढतच राहते असे आढळले.

मग फाळके यांना बोचत होते ते काय? १९१८ मध्ये धनिक भागीदारांच्या साथीने नाशिकला ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली आणि भांडवलाची चिंता मिटली. तरीही खर्च व वेळ यांवरून भागीदारांशी खटके उडताच फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. मानसशास्त्रात ‘स्वायत्तता’ म्हणजे आपले काम आपल्या मर्जीने करता येण्याची मुभा ही माणसाची मूलभूत गरज मानली जाते. फाळके यांचे समाधान या मुभेत होते. आराम किंवा कुटुंबाचा निवांत सहवास त्यांनी कधी मागितलाच नाही. १९२२ मध्ये ते दरमहा १,००० रुपये वेतनावर त्याच कंपनीत परतले व त्यांनी अनेक चित्रपट काढले, परंतु आज नाव घेतले जाते ते बहुधा आधीच्या चित्रपटांचे. ज्या शहराच्या नाशिकरोड भागात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात, तेथेच हा पगारी कलावंत राबत होता, हा योगायोग गमतीचा खरा.

फाळके यांचे निर्णय चुकले असे म्हणता येणार नाही. मात्र त्यांचे समाधान आणि त्याचे बिल एकाच नावावर नव्हते, ही गोष्ट त्यांच्या गौरवात सहसा हरवते. त्यांच्या नावाने १९६९ पासून राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. त्यांच्या हयातीतला हिशोब निराळा आहे: लंडनचे ३०० पौंड नाकारणाऱ्या या गृहस्थाला सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३९ च्या चित्रपट महोत्सवानंतर, चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने मिळालेल्या ५,००० रुपयांतून नाशिकच्या गोळे कॉलनीत स्वतःचे घर बांधता आले.