माळा, शिडी आणि बोहारीण

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, यंदा चकलीची भाजणी कुणी भाजायची. आणि दुसरा, माळ्यावरचे काय काय खाली काढायचे. पहिल्या प्रश्नात मला कुणी विचारीत नाही. दुसऱ्यात विचारतात, पण ऐकत नाहीत. शिडी आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यात. माळ्यावर काय चढेल, काय उतरेल आणि बोहारणीच्या पाटीत काय जाईल, याचा निकाल त्याच देतात. या एकतंत्री कारभाराचा मला पूर्वी फार राग येई. गेल्या वर्षी कचेरीत एक गोष्ट घडली आणि तो राग गेला. तीच वाचकांना सांगतो.

माझा व्यवसाय माहितीपुस्तिका लिहिण्याचा. संगणकावरची प्रणाली कशी वापरावी, हे चार माणसांना कळेल अशा भाषेत सांगायचे. पंचवीस वर्षे मी माणसांसाठी लिहिले. गेल्या वर्षी प्रथमच यंत्रासाठी लिहिण्याची पाळी आली. हल्ली ‘एजंट’ नावाची नवी जात निघाली आहे. विम्याचा नव्हे, हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारकून. काम सांगावे, पायऱ्या त्याच्या तो ठरवतो. त्याच्या हाती काही साधने द्यायची : नोंद शोधण्याचे एक, बदलण्याचे एक, काढण्याचे एक. प्रत्येकाला नाव आणि दोनचार ओळींचे वर्णन. ते वर्णन वाचून तो साधन उचलतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत प्रसिद्ध केली, तीही याच धर्तीची आहे.

आमची प्रणाली वाचनालयांसाठी होती आणि माझ्याकडे आलेले साधन ‘सॉफ्ट डिलीट’चे. नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. नोंद पुसायची नाही. तिच्यापुढे ‘अमुक तारखेला काढली’ एवढा शेरा मारायचा. मग ती यादीत दिसत नाही, पण जागेवर असते आणि शेरा खोडला की परत येते. थोडक्यात, माळ्यावर टाकणे. कायमचे पुसणे म्हणजे बोहारीण. पाटीत गेलेले पातळ पुन्हा दिसायचे नाही.

हे साधन फक्त व्यवस्थापकासाठी होते. मी ऐटीत वर्णन लिहिले : ‘हे साधन निरुपयोगी नोंदी काढून टाकते.’ वाक्य सुटसुटीत होते. मला ते आवडलेसुद्धा.

चाचणीसाठी एका जुन्या वाचनालयाची यादी घेतली होती. तेथल्या ग्रंथपालबाईंनी व्यवस्थापकाच्या अधिकाराने एजंटाला सांगितले, ‘सभासदांची यादी जरा आवर.’ त्याने वर्णन वाचले, ‘निरुपयोगी’ हा शब्द पाहिला आणि दोन वर्षांत ज्यांनी पुस्तक नेले नाही अशा सर्वांना माळ्यावर चढवले. त्यांत अंथरुणाला खिळलेले आजीव सभासद होते. ज्यांची अनामत जमा आहे अशा म्हाताऱ्या बायका होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका आजींचा नातू अनामत मागायला आला, तर यादीत नावच नाही! ‘आजी चाळीस वर्षं इथली सभासद आहे हो,’ तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता.

नोंदी तासाभरात परत आल्या. माळाच तो. पण माझी मान खाली गेली. यंत्र चुकले, असे म्हणायची सोय नव्हती. त्याने माझा शब्द प्रमाण मानला होता.

आमच्याकडची तरुण अभियंती म्हणाली, ‘काका, माणूस वाचताना आपली अक्कल मिसळतो. याला तुमच्या वाक्यापलीकडचं वाचनालय दिसतच नाही.’

मी वर्णन पुन्हा लिहिले. नोंद लपते, पुसली जात नाही. अनामत बाकी असेल तर वापरू नये. ‘आवर’, ‘साफ कर’ एवढ्यावर वापरू नये. नावे दाखवून होकार घ्यावा. परत आणण्याचे साधन अमुक. कुणी, केव्हा, का काढले, हे नोंदवले जाते.

एका खुणेवरून मात्र आमचा वाद झाला. त्या पद्धतीत साधन विध्वंसक आहे की नाही, हे सांगणारी एक खूण असते. काहीच लिहिले नाही तर ते विध्वंसक धरायचे. ती म्हणाली, ‘काका, काहीच नष्ट होत नाही, मग “नाही” लिहू या.’ मी म्हटले, ‘त्या नातवाला विचार.’ ‘होय’ राहिले.

अर्थात खूण म्हणजे कुलूप नव्हे आणि माझे वर्णनही नव्हे. अधिकार आहे की नाही, हे प्रणालीनेच दर वेळी तपासले पाहिजे. ज्याला अधिकार नाही त्याच्या एजंटाला हे साधन दिसूच नये. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जेसन लेमकिन हे उद्योजक रेप्लिट या सेवेवर काम करीत होते. काही बदलू नकोस, असे बजावलेले असताना एजंटाने त्यांचा चालू माहितीसाठा पुसला आणि वर ‘आता परत येणार नाही’ असेही सांगितले. तो परत आला, हे नशीब. तोंडी बजावणे आणि शिडी कुलपात ठेवणे यांत एवढे अंतर आहे.

माळ्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. उद्या एखाद्या सभासदाने ‘माझा पत्ता नि फोन पुसून टाका’ म्हटले, तर माळ्यावर टाकून ‘पुसला’ म्हणणे हा खोटेपणा होईल. आपल्याकडच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात असा हक्क लिहिलेला आहे. म्हणून वर्णनात शेवटची ओळ घातली : ‘हे पुसणे नव्हे.’

त्या दिवाळीत मी घरी शिडी धरून उभा होतो. वरच्या खिळ्याला एक वही लटकत होती. कुतूहलाने उघडली. कोणती पेटी कधी वर गेली, कुणाची आणि का, सारे सौभाग्यवतींच्या अक्षरात. एका ओळीपुढे लिहिले होते : ‘मामंजींचा कोट. यांना विचारल्याशिवाय देऊ नये.’

‘अहो, शिडी धरताय ना नीट?’ वरून आवाज आला.

मी दोन्ही हातांनी धरली.