शिंगाडा : तळ्यातला आणि ताटातला

एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आम्ही वर्षानुवर्षे खात आलो. तो पाण्यातून कोण काढतो, हा प्रश्न मात्र आम्हांस उशिरा सुचला. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढीमर मंडळी हे पीक घेतात. वेलाची मुळे गाळात आणि पाने पाण्यावर. पानांचे देठ फुगीर, हवेने भरलेले, म्हणून ती तरंगतात. फळ धरते पानांखाली, आणि त्याला दोन टोकदार शिंगे! शरदापासून थंडीपर्यंत पाण्यात राहून एकेक झुबका उलटायचा नि फळ हाताने तोडायचे. बोटे सोलवटतात.

१९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. काटे तेवढे तोडणाऱ्याकडेच राहिले. ओले फळ फार टिकत नाही, त्यामुळे मिळेल त्या भावाला द्यावे लागते. तेच उकडून, सोलून, वाळवून दळले की महिनोन्‌महिने राहते. ही वाळवण तळ्याकाठीच सहकाराने व्हावी, असे आम्हांस वाटते.

ओला शिंगाडा दातांनी सोलू नये. सालीवर कृमींचे बीज असू शकते. तो धुऊन उकडावा. पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पुरी फाटत असेल तर उकडलेला बटाटा कुसकरून घालावा.