सांडपाण्यातील शेवाळ व त्याचा उपयोग

नाशिक रोडचे बरेचसे सांडपाणी चेहेडी व पंचक येथील शुद्धीकरण केंद्रांत जाते. तेथे जीवाणू त्यातील घाण कुजवितात आणि निवळलेले पाणी नदीस मिळते. अशा पाण्यातही नत्र व स्फुरद काही अंशी विरघळलेले उरतात. शेतकरी दाम मोजून जे खत आणतो, त्यातलीच ही द्रव्ये होत. पुढे गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वर जलाशयात ती पोहोचली की पाणवनस्पतींचे रान माजते. रामसर यादीत गेलेल्या, महाराष्ट्रातील त्या पहिल्या पाणथळीला हे फुकटचे खत जाचकच ठरते.

हे खत नदीत जाण्यापूर्वीच शेवाळास खाऊ घालावे, ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात ऑस्वाल्ड व गोटास यांनी १९५७ साली तिची सविस्तर मांडणी केली. उथळ तळ्यात, उन्हात, सांडपाणी हळूहळू फिरते ठेवतात. जीवाणू घाण कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ तो वायू, नत्र व स्फुरद घेऊन वाढते आणि जीवाणूंना प्राणवायू देते. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे अन्न! नदीवर तरंगणारी पाणवेल मात्र शेवाळ नव्हे, हे मुलांना अवश्य सांगावे. तिला पाने, मुळे व फुले असतात. या शेवाळाचा एकेक कण सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही.

खरी अडचण ते गोळा करण्याची आहे. तळ्याच्या एक लिटर पाण्यात सुके शेवाळ साधारणतः अर्धा ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोसाठी सुमारे दोन हजार लिटर पाणी गाळावयाचे, आणि कण तर फडक्यातून आरपार जाणारे! म्हणून तुरटीसारखे द्रव्य घालून त्यांचे पुंजके तळाशी बसवितात. या खर्चापायी शेवाळापासून इंधनतेल काढण्याचे बेत अजून व्यापारी प्रमाणावर परवडत नाहीत. खताचे गणित सोपे आहे. गाळ गोबरगॅसच्या टाकीत कुजविला की जळाऊ वायू मिळतो व उरलेली मळी शेतास उपयोगी पडते. परंतु कारखान्यांच्या पाण्यातील जड धातूही शेवाळ शोषून घेते. तेव्हा तपासणीवाचून ते शेतात घालू नये. माणसाच्या खाण्यात तर ते आणूच नये.

वर्गात हे दाखविण्यास सांडपाणी हाताळण्याचे कारण नाही. तीन पारदर्शक बाटल्यांत तळ्याचे पाणी घ्यावे. दोहोंत चमचा-चमचा शेणखताचे निवळ पाणी घालावे. त्यांतील एक कपाटात, दुसरी खिडकीत ठेवावी. बिनखताची तिसरीही खिडकीतच असावी. हात साबणाने धुवावेत. दोन आठवड्यांनी कोणती बाटली किती हिरवी झाली, हे मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावे.