जोर कुठे लावायचा?
लेखमाला : ठरवलेलं आणि केलेलं – लेखांक ६

पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस कर्जतला थांबली की फलाटावर वडापावची एकच धांदल उडते. नव्या प्रवाशाला वाटतं, थांबा वड्यासाठीच आहे. खरं काम तेव्हा शेवटच्या डब्याच्या मागे चाललेलं असतं. तिथे दोन-तीन जादा इंजिनं जोडतात. इथे सगळे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे बोरघाट आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. लोणावळ्याला बँकर सोडवले की गाडी पुण्यापर्यंत आपल्या एका इंजिनावर जाते. मुंबईहून कर्जतपर्यंतही ती तशीच आलेली असते.

प्रेरणेच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. इंग्रजी सुधारायचं, वजन उतरवायचं, तलाठी भरतीचा अभ्यास करायचा, असं काही ठरलं की सगळ्या वाटेला पुरेल एवढा उत्साह आधी गोळा करायला निघतो. व्हिडिओ बघतो, भाषणं ऐकतो, भिंतीवर सुविचार चिकटवतो. उत्साह आठवडाभर टिकतो आणि मग ‘सोमवारपासून नक्की’ सुरू होतं. माझ्या मते जोर सगळ्या वाटेला लागत नाही, दोन-तीन ठिकाणीच लागतो. बसायची पहिली पाच मिनिटं, काहीच फळ दिसत नाही तो मधला पट्टा आणि खंड पडल्यानंतरचा पहिला दिवस. घाट एवढाच.

या म्हणण्याला आधार आहे. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा होती. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि शिवाय ‘कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार’ हे लिहायला लावलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी. मजकूर वाचून दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, पण पाय हलले नाहीत.

एकाच प्रयोगावर भिस्त ठेवू नये, त्यातून हे सगळे कॉलेजातले विद्यार्थी आणि केल्याचं त्यांनीच सांगितलेलं. पण जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी शीरन यांच्यासोबत २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशी जोडणी केलेल्यांचं काम बऱ्यापैकी जास्त झालेलं दिसलं. ९१ टक्क्यांचा चमत्कार दर वेळी होणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

आपल्याकडे ही जोडणी करायला लोकलसारखी सोय नाही. कर्जत ते सीएसएमटी सुमारे शंभर किलोमीटर, दोन तासांचा प्रवास. ‘रोज तासभर वाचीन’ हे वाक्य निकामी आहे. ‘भिवपुरी रोड गेलं की पुस्तक उघडीन आणि बदलापूरला मिटीन’ हे चालणारं आहे, कारण बदलापूरनंतर कोपर हलवायला जागा उरत नाही. खोपोलीकरांना लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी अशी चार स्टेशनं जास्तीची मिळतात, आणि तिथे डबा बऱ्यापैकी मोकळा असतो. वाचायचा मूड आहे का, हे विचारायला स्टेशन थांबत नाही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीवर मात्र असा बेत बांधू नये. दमलेल्या डोक्याला झोपू द्यावं.

भातशेती करणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. राब भाजला, पाऊस लागला, पेरणी झाली की पुढची तारीख रोपच ठरवतं. तीन-साडेतीन आठवड्यांत लावणी झाली नाही तर रोप जून होतं आणि पीक मार खातं. शिवाय सावडीची रीत या पट्ट्यात जुनी आहे. आज तुझ्या खाचरात, परवा माझ्या. आठ माणसं बांधावर येऊन उभी राहणार हे माहीत असताना कुणी ‘आज कंटाळा आला’ म्हणून पांघरूण ओढून घेत नाही. एकट्याने एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला नेमकी ही सावडच नसते. दर रविवारी दोघांनी एकमेकांचे पेपर तपासायचे ठरवले तरी निम्मं काम होतं.

दुसरा रस्ता जोर वाढवण्याचा नसून चढच कमी करण्याचा आहे, आणि त्याचं उदाहरण नेरळजवळच आहे. सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भाताच्या ‘एसआरटी’ तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या हंगामात नांगरणीही टाळायची. तणाचा बंदोबस्त काळजीने करावा लागतो, ते काही आपोआप होत नाही. पण कंबर मोडणारी दोन कामं वजा होतात. तसंच स्वतःच्या कामाकडे बघावं. व्यायाम बुडतो तो व्यायामामुळे की बूट माळ्यावर असल्यामुळे? अभ्यास अडतो तो विषयामुळे की टेबलावर आधी इस्त्रीचे कपडे उचलावे लागतात म्हणून?

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. मुलगी नववीत गळाली तर ‘चिकाटी नव्हती’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तिला वेळापत्रकाचा तक्ता नको असतो. आई-बाप भट्टीवर गेल्यावर राहायला सुरक्षित जागा हवी असते, नाहीतर भट्टीजवळ शाळा. मनाच्या युक्त्या जिथे किमान स्थैर्य आहे तिथेच चालतात. प्रेरणेवर बोलणारे हे सहसा सांगत नाहीत, कारण श्रोते तिकीट काढून आलेले असतात.

आता सवय लागायला किती दिवस? ‘२१ दिवस’ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा माग ठेवला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडते, व्यायामाला वेळ लागतो. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे २२व्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून वही फेकू नये.

आपल्याकडे पहिला मोठा खंड बहुतेकदा गौरी-गणपतीत पडतो. तो पडू द्यावा. आरत्या, पाहुणे आणि मोदक यांच्याशी भांडून अभ्यास करणारा माणूस घरात कुणालाच नको असतो. मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कितीची गाडी, कुठल्या स्टेशनापासून, पुस्तकाचं कितवं पान, हे गणपती बसायच्या आधीच लिहून ठेवावं. खंड महिनाभर लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं की सोडलं तिथून, याविषयी पुढच्या आठवड्यात.